आधी हवा तपासा

रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी असताना टाकीत उतरणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला मी सर क्लेमेंट ल नेव्ह फॉस्टर या इंग्रज खाण-निरीक्षकाची गोष्ट सांगायचो.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर, मुंबईहून थोडं कमीच. वस्ती सुमारे ८४ हजार. राजा ब्रिटनचाच, पण बेट युनायटेड किंगडमचा भाग नाही. कायदे करते ती त्यांची स्वतःची संसद, टिनवाल्ड. तिथल्या स्नेफेल डोंगराच्या पोटात शिसं आणि जस्ताची खाण होती. १० मे १८९७ ला सकाळी कामावर उतरलेल्यांपैकी २० जण मेले. आत कुठेतरी लाकडी आधार पेटले होते आणि खाण कार्बन मोनॉक्साइडने भरली होती. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस मरेल अशा हवेतही मेणबत्ती जळत राहते, म्हणून ज्योत बघून आत जाणारा फसतो.

फॉस्टर तपासाला आले ते वर बसून जबाब घेत राहिले नाहीत. शिड्यांवरून स्वतः खाली गेले. तिथे त्यांनाही वायू लागला. आता आपण वाचत नाही असं वाटून त्यांनी वहीत बायकोचा निरोप घेतला. वेदना नाहीत, स्वप्नात असल्यासारखं वाटतंय, असंही लिहिलं आणि निरोपाचे तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. त्यांना जिवंत बाहेर काढलं, पण हृदयाला झालेली इजा कायमची राहिली. १९०४ साली ते गेले.

‘साहेब, त्रास झाला तर येतो ना वर,’ असं म्हणणाऱ्या गड्याला मी या वहीबद्दल सांगायचो. त्रास होतोय हे कळायलाच डोकं जागेवर राहत नाही. दोन मिनिटांचं काम असलं तरी परमिट, गॅस टेस्ट, ब्लोअर, कमरेला दोर आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस, यातलं काहीही मी सोडू दिलं नाही.

ब्रिटनने १९७४ साली कामाच्या जागेवरच्या सुरक्षेच्या कायद्याचा पायाच बदलला. तोवर यंत्रागणिक, धंद्यागणिक नियम होते. नव्या कायद्याने मालकावर सरसकट जबाबदारी टाकली. कामगाराची, आणि आपल्या धंद्यामुळे ज्याला धोका पोचेल त्या बाहेरच्या माणसाचीही, व्यवहारात शक्य तेवढी काळजी त्याने घेतलीच पाहिजे. टिनवाल्डने १९७७ साली स्वतःचा कायदा केला आणि ब्रिटिश तरतुदी बेटाला जुळतील असे फेरफार करून आदेशाने लागू करायची सोय ठेवली. एवढ्याशा बेटाने क्रेनपासून ॲस्बेस्टॉसपर्यंतचे नियम नव्याने लिहीत बसावं कशाला? यात मला शहाणपणच दिसतं. निरीक्षक मात्र बेटाचे स्वतःचे. गंभीर धोका दिसला तर नोटीस देऊन ते काम जागच्या जागी थांबवू शकतात.

स्वतःचा कारभार असला की नियमाला सूटही स्वतःच देता येते. डग्लस या राजधानीत समरलँड हे करमणूक केंद्र बांधताना बाहेरच्या भिंतींच्या अग्निरोधाचा स्थानिक नियम शिथिल केला गेला आणि ॲक्रिलिकचे पत्रे बसले. २ ऑगस्ट १९७३ ला आग लागली, ५० माणसं गेली. बाहेर पडायची काही दारं कुलूपबंद होती. चौकशी आयोगाला यात कुणी खलनायक सापडला नाही. मला हे वाचून चीड येते. सूट देणाऱ्या कागदावर कुणाची तरी सही असतेच.

आपल्याकडे गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणसं अजून मरतात, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तुमच्या सोसायटीची टाकी साफ करायची असेल तर यंत्राची गाडी बोलवा. ठेकेदार माणूस उतरवू लागला तर काम तिथेच थांबवा. आत कुणी पडलाच, तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे कुणालाही जाऊ देऊ नका. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.