रूपसाचा, संकेतस्थळाचा
स्थिर संकेतस्थळाच्या सर्व पृष्ठांना समान मांडणी देणाऱ्या फाइलींच्या संचाला रूपसाचा किंवा ‘थीम’ म्हणतात. अशा स्थळाची पृष्ठे वाचकाने मागितल्यावर जुळविली जात नाहीत. जनक-आज्ञावली ती आधीच तयार करून ठेवते. त्यामुळे सर्व्हरवर डेटाबेस लागत नाही. ‘जेकिल’ (२००८), ‘पेलिकन’ (२०१०) व ‘ह्यूगो’ (२०१३) या प्रमुख जनक-आज्ञावली होत.

मजकूर व रूप यांची फारकत हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. उदा., जालना जिल्ह्यातील आठ तालुक्यांवर आठ मजकूर-फाइली लिहिल्यास एकाच साच्यातून आठ पृष्ठे तयार होतात. साचा बदलून स्थळाची पुनर्निर्मिती केली की आठही पालटतात.

निर्मिती व स्थापना : पेलिकनच्या रूपसाच्यात पृष्ठांचे साचे एका पुडक्यात, तर शैलीपत्रके व चित्रे दुसऱ्यात ठेवतात. साच्यांतील चलांच्या जागी शीर्षक, दिनांक व मजकूर भरला जातो. न लिहिलेला साचा ‘सिंपल’ या मूळ रूपसाच्यातून घेतला जातो. सेटिंग-फाइलीत रूपसाच्याचे स्थान नोंदवून स्थळ पुन्हा निर्माण केले की स्थापना पूर्ण होते.

मराठी स्थळे : आयत्या रूपसाच्यांत भाषानिर्देश बहुधा इंग्रजी असतो, तो मराठी करणे आवश्यक असते. तसे केल्यास मराठी रूपे अंतर्भूत असलेल्या टंकांत ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात. अंध वाचकांसाठीच्या वाचन-आज्ञावलीलाही योग्य उच्चार याच निर्देशावरून निवडता येतात. ओळींतील अंतरही मात्रा व उकार परस्परांना भिडणार नाहीत इतके ठेवावे लागते.