सातूचे पेय : साखरेविना प्रथिने

मलकापूर तालुक्याच्या काळ्या जमिनीत हरभरा, तूर, ज्वारी आणि सोयाबीन पिकते. याच भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शेतातून परतलेला माणूस गोड सरबताने किंवा चहाने तहान भागवितो. त्यातून साखर मिळते. शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने मात्र जवळजवळ मिळत नाहीत. ही उणीव घरच्या धान्यातून भरून काढता येते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस हे प्रमाण सुमारे ४६ ग्रॅम होते.

गव्हाच्या व ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो; डाळींत तो भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी असते. ती उणीव तृणधान्ये भरून काढतात. म्हणूनच वरण-भाताची जोडी गुणकारी ठरते. आपल्याकडील सातूच्या पिठातही हेच तत्त्व आहे.

कृती

दोन वाट्या फुटाण्याची डाळ, मंद आचेवर खरपूस भाजलेला एक वाटी गहू आणि थोडे भाजलेले जिरे एकत्र दळावे. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. एका पेल्यासाठी १०० ग्रॅम दही उकळून गार केलेल्या पाण्यात घुसळावे. ३० ग्रॅम पीठ प्रथम थोड्या ताकात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग उरलेले ताक, १० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट व चिमूटभर मीठ घालावे. या पेल्यातून सुमारे ११ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे उपरोक्त गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा.

गोडीचा प्रश्न

सातूत गूळ घालण्याची प्रथा आहे. परंतु गुळातही प्रामुख्याने साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, गूळ व मध यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम. गोड चव हवीच असेल, तर जिरे व मीठ वगळून, दह्याऐवजी दूध घेऊन त्यात शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून येणारे पिकलेले केळे कुस्करून घालावे. मधुमेहींनी मात्र केळ्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे.

दक्षता

सोयाबीनचे कच्चे पीठ वापरू नये. त्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतात. ते नीट शिजविल्यावर वा भाजल्यावरच निष्प्रभ होतात. बुरशी लागलेले शेंगदाणे टाकून द्यावेत. सहा महिन्यांपर्यंतच्या बालकास केवळ मातेचे दूध द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बाजारातील महागडी पावडर सर्वांना परवडत नाही. फुटाणे मात्र गावोगाव मिळतात. शिक्षकांनी शाळेत या पेयाचे प्रात्यक्षिक घ्यावे, पंचायत सदस्यांनी महिला बचत गटांना हे पीठ तयार करण्यास प्रोत्साहन द्यावे. शेतात पिकणारे धान्य घरातील मुलाच्या पेल्यात पोहोचले, तर पोषणाची बरीच वाट चालून झाली असे म्हणता येईल.