टाके निघाले, बोट मात्र बधीर

सोलापूरच्या पूर्व भागात हाताची जखम ही नवलाची गोष्ट नाही. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून हे शहर बोटांवर जगत आले आहे. कुणाची बोटे यंत्रमागावर तुटलेली तार जोडतात, कुणाची तेंदूपान कातरून विडी वळतात, कुणाची मशीनवर गणवेशाची बाही सरकवतात. अशा हाताला खोल कापले, टाके पडले, पंधरवड्यात निघाले आणि वर नुसती रेघ राहिली, की घरचे, मालक आणि पुष्कळदा रुग्ण स्वतःही म्हणतो, झाले बरे. मग महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार सुरू होते: बोट बधीर आहे, मुंग्या येतात, गरम कळत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, एक तर जखम आतून भरलेली नाही, नाही तर हा काम टाळतो आहे. दोन्ही तर्क फसवे आहेत. कातडीचे भरणे आणि मज्जातंतूचे भरणे यांची चाल अगदी निराळी असते, आणि एकावरून दुसऱ्याचा निकाल देता येत नाही.

कातडी जखमेच्या दोन्ही काठांकडून नव्या पेशी तयार करून फट बुजवते. मज्जातंतूला ही सोय नाही. स्पर्शाची खबर नेणाऱ्या पेशीचा मुख्य भाग बोटात नसतोच, तो पाठीच्या कण्यालगत असतो. बोटापर्यंत येतो तो तिचा हातभर लांब धागा. मनगटाशी तो तुटला की तिथून बोटाच्या टोकापर्यंतचा सगळा भाग विरून जातो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून हे दाखवले. मागावरची तार गाठ मारताच कामाला लागते. इथे सर्जनने सूक्ष्मदर्शकाखाली कितीही सुबक टाके घातले तरी जोडली जाते ती धाग्याभोवतीची रिकामी नळी. तिच्यातून नवा धागा वरून खाली वाढत यावा लागतो, आणि तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मोठ्या माणसाचे मनगट ते बोटाचे टोक हे अंतर सतरा-अठरा सेंटिमीटर धरले, तर सुरुवातीचे काही आठवडे सोडून सहा महिने झाले. कोपराजवळ कापले असेल तर वर्ष उलटते. तेव्हा तिसऱ्या महिन्यात बोट बधीर असणे हिशेबाला धरूनच आहे.

मग नुसते थांबायचे ना? ‘येईल हळूहळू’ हे उत्तर कधी खरे असते, कधी घातक. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते, त्याच सुमारास ऑक्सफर्डला हर्बर्ट सेडन युद्धातल्या जखमींच्या नसा तपासत होते. १९४३ मध्ये त्यांनी मांडलेली तिहेरी विभागणी आजही चालते. नस नुसती चेपली असेल तर काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत ती आपली आपण पूर्ववत होते. आतले धागे तुटून नळी शाबूत राहिली असेल, तर मिलिमीटरच्या चालीने सुधारणा होते. नळीसकट सगळेच कापले गेले असेल तर थांबून काही साधत नाही. वाढणारे धागे वाट न सापडून तिथेच गुंततात आणि दुखरी गाठ होते. नसेविना राहिलेले स्नायूही दीड वर्षाच्या आसपास कायमचे निकामी होतात, म्हणून हा निर्णय लवकर व्हायला हवा. त्यासाठी महागडे यंत्रच लागते असे नाही. रेघेपासून बोटाकडे टिचक्या मारत गेले की वाढत्या धाग्यांच्या टोकाशी झिणझिणी उठते. ती जागा महिन्याला इंचभर सरकत असेल तर वाट पाहावी. रेघेपाशीच अडून बसली असेल तर सर्जन गाठावा. नस तुटलेल्या बोटाला घामही येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात सारा तळवा ओला असताना ते एकटे कोरडे ठणठणीत राहते. कोमट पाण्यात अर्धा तास हात बुडवला तर इतर बोटांना सुरकुत्या पडतात, त्याला पडत नाहीत. ही परीक्षा १९७३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. काम टाळण्याचा संशय घेणाऱ्यांनी ती जरूर करून पाहावी. सुरकुत्यांचे सोंग आणता येत नाही.

गोळ्यांविषयी थोडक्यात. ब१२ जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावे, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी, तंबाखू सोडावी. पण ब१२ पुरेसे असताना पाकिटांमागून पाकिटे संपवली म्हणून कापलेली नस जुळत नाही. आता एक वजनदार आक्षेप असा की मूठ वळते, बोटे हलतात, मग टोकाला थोडे कमी कळले तर बिघडले कुठे? स्वीडनमधल्या रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये याचे उत्तर दिले. हातातली वस्तू निसटू लागली की बोटे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आवळतात. बोटांची टोके औषधाने बधीर केली की हे जमेनासे होते. ताकद तीच, पण ती किती लावायची हे सांगणारे कुणी नाही. बधीर बोटांचा विणकर डोळ्यांनी काम चालवतो हे खरे, पण डोळे बोटांना राखण बसले तर मागाकडे पाहणार कोण? शिवाय परतलेला स्पर्श जुना नसतो. धागे चुकीच्या नळ्यांत शिरतात, तर्जनीला लावलेला हात मध्यमेला लागल्यासारखा वाटतो, आणि मधल्या काळात मेंदूतली त्या बोटाची जागा शेजारच्या बोटांनी बळकावलेली असते. लहान मुलांचा मेंदू हे लवकर सावरतो, मोठ्यांना सराव करावा लागतो: टॉवेलचे लूप, चादरीची जाडीभरडी वीण, नाण्याची कड आधी पाहून, मग डोळे मिटून ओळखायची, रोज, कित्येक महिने.

कायद्याची नजरही कातडी-हाडांवरच राहिली. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरले गेले, एक पेर गेले तर ९ टक्के, हाड न जाता शेंडा गेला तर ५ टक्के. जागेवर असलेल्या पण काही न कळणाऱ्या बोटासाठी वेगळी ओळ नव्हती. परिशिष्टात नसलेल्या इजेची टक्केवारी डॉक्टरने ठरवायची असते, आणि कागदावर ‘जखम पूर्ण भरली’ एवढेच लिहिले की तो रस्ताही बंद. लिहिण्याजोगा आकडा मात्र आहे. यू-पिन उघडून तिची दोन टोके एकदम बोटावर टेकवली, तर निरोगी बोटाला पाच-सहा मिलिमीटर अंतरावरही ती दोन आहेत हे कळते. पंधरा मिलिमीटरवरही ज्याला एकच टोचल्यासारखे वाटते, त्याचे बोट बारीक कामाला उरलेले नसते. टाके काढताना, तीन महिन्यांनी आणि वर्षाने असे तीनदा हे मोजायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.