आधी हाड, मग दात

दाढ काढली, ठणका थांबला, की बहुतेक घरांत तो विषय तिथेच मिटतो. जबड्याच्या हाडाची झीज मात्र तेव्हापासूनच सुरू होते. चावण्याचा भार मुळांवाटे हाडाला मिळत असतो. तो बंद झाला की शरीर ते हाड शोषून घेतं. वर्षभरात तिथली रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. कवळी वर्षागणिक सैल पडते ती यामुळेच.

जबलपुरात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदताहेत, गावात हितकारिणीसारखं डेंटल कॉलेज आहे. तरीही इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवून घ्यायला, गेलेल्या आजी-आजोबांना ‘हाड कमी आहे, आधी ते वाढवावं लागेल’ असं सांगितलं की घरच्यांना तो पैसे उकळण्याचा बहाणा वाटतो. शंका येणं साहजिक आहे, पण हिशेब मांडून बघावा. इम्प्लांटचा स्क्रू साधारण 4 मिलिमीटर जाड. त्याच्या दोन्ही अंगांना दीड-दीड मिलिमीटर तरी हाड हवं, म्हणजे सगळं मिळून 7. वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या जागी कधीकधी 4 सुद्धा उरत नाही. सीबीसीटी स्कॅनवर, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर, हे आकडे दिसतात. डॉक्टरांकडून ते जरूर समजून घ्या.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये सशांवरच्या प्रयोगात आढळलं आणि 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. पण एकजीव व्हायला मुळात हाड तर हवं!

वरच्या दाढांच्या जागी अडचण वेगळी. तिथे हाडावरच सायनसची पोकळी असते आणि दाढा गेल्यावर ती खाली उतरत येते. मग हिरडी बाजूला करून हाडाला छोटी खिडकी पाडतात. आतलं अस्तर एक मिलिमीटरहूनही पातळ. बोथट, वाकड्या हत्याराने ते हलकेच सोडवत वर उचलायचं, फाटू द्यायचं नाही, आणि खालच्या जागेत रवाळ ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, घालायचा. वरून पातळ पडदा, टाके. त्यानंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. ग्राफ्टमध्ये स्वतःचं हाड तयार व्हायला सहाएक महिने लागतात, घाई केली तर स्क्रू हलतो. तंबाखू, मिसरी, बिडी आणि अनियंत्रित मधुमेह यांनी तर सगळ्या कामावर पाणी पडतं.

ग्राफ्ट कशाचा, हेही आधी विचारावं. स्वतःच्या हनुवटीचं किंवा दाढेमागचं हाड वापरता येतं, कृत्रिम रवेही मिळतात. काही ग्राफ्ट मात्र गाईबैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून बनवलेले असतात. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी ऑपरेशनआधीच सांगावं, पर्याय आहेत. हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड चालू असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा; या औषधांवर असताना क्वचित प्रसंगी जबड्याची जखम भरून येत नाही.