तबकडीवरचा कुत्रा

आमच्या पिढीतल्या ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही, त्यांच्याही ओळखीचा एक कुत्रा होता. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकडीवर कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला. बालगंधर्वांची पदे ऐकताना त्याच्याकडे टक लावून पाहायचा मला छंद होता. हा खरोखरीचा कुत्रा! नाव निपर, जन्म १८८४, गाव ब्रिस्टल, रक्त टेरियरचे. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना तोंड लावी, म्हणून हे नाव पडले म्हणतात.

तेव्हा चित्रातल्या त्या गरीब मुद्रेवर जाऊ नये. हल्ली 'फ्लॅटला बरा, छोटासा आहे' म्हणून जॅक रसेल टेरियर आणतात. उंची जेमतेम फूटभर, वजन पाच-सहा किलो. पण इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल (१७९५-१८८३) यांनी ही जात जोपासली ती कोल्ह्याच्या शिकारीसाठी. बिळात शिरायचे, भुंकून कोल्ह्याला बाहेर काढायचे, हे त्याचे काम. रंग पांढरा, कारण धुमश्चक्रीत तो कोल्हा वाटू नये. म्हणजे भुंकणे, उकरणे, मांजरामागे सुसाट धावणे या आपण ज्याला खोड्या म्हणतो, ती त्याची नोकरी आहे.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर असाच एक आहे. नवरा-बायको दोघे कामावर, कुत्रा दहा तास गॅलरीत. त्याने सोफा फाडला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि आता त्याला कुणाच्या तरी शेतावर सोडायचे घाटते आहे. बँकेत आम्ही कर्ज देण्याआधी परतफेडीची ऐपत बघत असू. इथे ऐपत पैशांची नाही, वेळेची बघायला हवी. आणि हे देणे तेरा-चौदा वर्षे चालते.

बाकी निगा सोपी. आखूड केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरे. रेबीजची लस चुकवू नये. चॉकलेट, मनुका, कांदा त्याला विषासारखे. डोळा लाल होऊन दुखू लागला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. या जातीत डोळ्यातले भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक विकार आढळतो आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.

शेताचा बेत महिनाभर थांबवा, असे मी त्या दोघांना सांगितले आहे. डांबर तापण्याआधी, पहाटे साडेपाचला, तासभर मीच त्याला फिरवतो. साखळी सोडत नाही. घरी आलो की जुन्या टॉवेलच्या घड्यांत बिस्किटे लपवून देतो. ती हुडकून काढायला त्याला वीस मिनिटे लागतात, आणि त्या वीस मिनिटांत तो एकदाही भुंकत नाही.