सप्लाय पुन्हा पुन्हा का जातो?

‘टीव्ही दुरुस्त करून आणला, पंधरा दिवस चालला आणि पुन्हा बंद पडला.’ वसमत असो की सेनगाव, कळमनुरी असो की औंढा, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. दोष कारागिराच्या माथी मारला जातो. पण पुष्कळदा खरा गुन्हेगार असतो तो आत बसवलेला पाच-दहा रुपयांचा नकली सुटा भाग.

आपल्या घरी येते ती 230 व्होल्टची एसी वीज. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर यांना आतून लागते ती 5, 12 किंवा 24 व्होल्टची डीसी. हा बदल करतो तो पॉवर सप्लाय. त्यात आधी फ्यूज, मग चार डायोडांचा ब्रिज आणि मग मोठा कपॅसिटर असतो. या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठते. पुढे मॉसफेट ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, छोटा ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो आणि शेवटचे कपॅसिटर तिला सपाट करतात.

खेड्यात या साखळीवर घाव बसतो तो बाहेरून. खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरात 230 ऐवजी 400 व्होल्टपर्यंत दाब जाऊ शकतो. अशा वेळी फ्यूज उडतो, ब्रिज किंवा मॉसफेट शॉर्ट होतो. दुसरा शत्रू उष्णता. कपॅसिटरमधले द्रावण हळूहळू सुकते, त्याचे डोके फुगते. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणजे 85 अंशांच्या कपॅसिटरवर 105 चे लेबल चिकटवले, तर तो अपेक्षेच्या जेमतेम चौथाई काळ टिकणार.

नकली माल तरी कसा बनतो? लहान कपॅसिटर मोठ्या डबीत घालतात. भंगारातल्या बोर्डावरचे आयसी काढून, धुऊन, नवे म्हणून विकतात. हलक्या भागावरची अक्षरे घासून भारी क्रमांक छापतात. ही केवळ छोट्या बाजाराची गोष्ट नव्हे. अमेरिकी सिनेटच्या समितीच्या 2012 च्या अहवालात तिथल्या संरक्षण सामग्रीच्या पुरवठ्यात संशयित नकली भागांची सुमारे 1,800 प्रकरणे नोंदली गेली. भागांची संख्या दहा लाखांवर होती.

कारागिराने काय पाहावे? पायांवर जुन्या कथलाच्या खुणा आहेत का, ॲसिटोनच्या बोळ्याने अक्षरे पुसली जातात का, हे पाहावे. कपॅसिटर मीटरवर मोजावा. 20 टक्के फरक चालणारा 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 80 ते 120 दाखवील. मात्र तो किती उष्णता सोसेल हे मीटर सांगत नाही. म्हणून माल ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊनच आणावा.

दुरुस्तीत घाई नको. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहते. ती योग्य रेझिस्टन्स लावून उतरवावी आणि मीटरने खात्री करावी. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नये. फ्यूज उडाला, तर नवा बसवण्याआधी ब्रिज आणि मॉसफेट तपासावेत. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा ठीक. भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट बाकी आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार म्हणजे आगीला आमंत्रण.

चार्जरच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे. मेन्सची बाजू आणि मोबाईलची बाजू यांच्यामध्ये ‘वाय’ प्रकारचा खास सुरक्षा कपॅसिटर असतो. त्या जागी साधा कपॅसिटर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर 230 व्होल्ट थेट हातातल्या मोबाईलपर्यंत पोहोचू शकतात.

ग्राहकांनीही दोन सवयी लावून घ्याव्यात. दुरुस्तीनंतर बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर नव्या भागाचे नाव लिहून घ्यावे. चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल, तर तो चार्जर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)