मुलांच्या हाती कोणती कादंबरी द्यावी?

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातील एक माता आनंद यादवांची 'झोंबी' पदराखाली घेऊन माझ्याकडे आल्या. "फादर, ह्यात बाप आईला मारतो, पोराला शाळेतून काढून शेतात राबवतो. माझा मुलगा सातवीत आहे. त्याला हे वाचू द्यावं का?" मी पुस्तक ठेवून घेतले आणि "मोठा झाल्यावर देऊ," असे सांगून त्यांची बोळवण केली. ह्या उत्तराकडे मी पुढे येणार आहे.

परी आणि राजपुत्र यांत रमणारे मूल अकरा-बारा वर्षांचे झाले, की "हे खरेच असे असते का?" असे विचारू लागते. तेथूनच वास्तववादी कादंबरीची गरज सुरू होते. मराठीत ही परंपरा जुनी आहे. १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दैना मांडणारे बाबा पदमनजी हे ह्याच बेळगावचे. ते पुस्तक आजच्या मुलांना जड जाईल. पण दुःख झाकून ठेवू नये, ही दृष्टी तेव्हापासूनची आहे.

पुष्कळ पालक सुरुवात 'श्यामची आई'ने करतात, ते योग्यच. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ते लिहिले. तथापि तेथेच थांबू नये. सातवी-आठवीच्या मुलाला मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) देईन. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, सर्वांच्या श्रमांतून तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. लेखक कोठेही उपदेश करीत नाही. (आम्हा प्रवचनकारांना हे शिकण्यासारखे आहे!) पुस्तक लहान, वाक्ये आखूड, वाचनाचा कंटाळा असलेले मूलही ते शेवटास नेते. मास्तरावर गावात संशय येतो, तो प्रसंग आईबापांनी आधी वाचून ठेवावा, म्हणजे मुलाने विचारल्यास उत्तर तयार राहील.

पुस्तक पारखताना मी एवढेच पाहतो: दुःख चवीसाठी रंगवले आहे, की त्याचे कारणही दिसते? आणि त्यातील मूल केवळ सोसते, की काही करू पाहते?

ह्या कसोटीला 'झोंबी' पुरेपूर उतरते. १९८७ साली आलेल्या व १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ह्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत उपास आणि मार आहे, पण शाळेसाठी हट्टाने झगडणारा मुलगाही आहे. मी केवळ मार पाहिला होता.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो सातवीतला मुलगा व्हरांड्यात रेंगाळला. "फादर, पुस्तक नको. पुढं तो शाळेत जातो का नाही, तेवढं सांगा." सातवीनंतर ह्यालाही चुलत्याबरोबर वीटभट्टीवर लावावे, असे घरी चालले होते, हे मला मागाहून कळले.

पुस्तक मी त्याच संध्याकाळी नेऊन दिले, आणि दोघांनी मिळून वाचावे असे त्याच्या आईला सांगितले. जूनमध्ये आठवीत नाव घालायचे की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. परवा मात्र वडिलांनीच जेवताना "कुठवर आलं ते पुस्तक?" असे विचारल्याचे त्या सांगत होत्या.